जाणारा सिग्नल कुठे अडत होता : कोपरीतल्या एका घराचं प्रकरण

जून २०२१. शाळा अजून ऑनलाइनच होत्या. माझी मावसबहीण नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ अशा तिच्या तीन तुकड्या लागोपाठ असायच्या. मावशीचं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत, मीठ बंदर रोडच्या बाजूला. इमारत जुनी, चार मजली. घर दुसऱ्या मजल्यावर. इंटरनेट केबलवाल्याचं, म्हणजे टीव्हीच्याच काळ्या वायरीतून मोडेमपर्यंत येणारं.

तक्रार अशी होती: ताईला मुलं नीट दिसायची, त्यांचे प्रश्न स्पष्ट ऐकू यायचे, पण मुलांना मात्र ताईचा आवाज तुटक जायचा. "टीचर, तुम्ही अडकलात" हे वाक्य एका तासात चार-पाचदा. मध्येच दोन-तीन मिनिटं सगळंच जायचं, मोडेमचा दिवा लुकलुकत राहायचा आणि मग कुणी काही न करता परत सुरू व्हायचं. सकाळी त्रास कमी, संध्याकाळी जास्त, पाऊस असला की आणखी जास्त.

मी नऊ वर्षं एका केबल नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये काम केलं आहे. तरीही ताईने फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यातला अर्धा भाग माझ्या कानावरून गेला. येणारं चांगलं आणि जाणारं खराब, एवढ्या एका गोष्टीतच निदान होतं. ते हाती यायला मला दोन रविवार लागले. हे प्रकरण लिहून काढतो आहे ते त्यासाठीच: घरात येणारा सिग्नल सगळेच मोजतात, घरातून बाहेर जाणारा फारसं कुणी बघत नाही.

मी जाण्याआधी काय काय झालं होतं

मेपासून घरात बऱ्याच गोष्टी करून झाल्या होत्या. आधी पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा केला. फरक पडला नाही. मग वायफायवर संशय आला, म्हणून नवा राउटर आला. पुढे ताईने लॅपटॉप वायरीने थेट मोडेमला जोडला. तरी तेच. म्हणजे वायफाय सुटलं, आणि हे तिने स्वतः शोधून काढलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक घरांत तपास वायफायपाशीच थांबतो.

केबलचा लाइनमन तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने मोडेमची वायर काढून मीटरला लावली आणि म्हणाला, "काकी, बावन्न येतंय. सिग्नल ओके आहे." दुसऱ्यांदा आला तेव्हा मावशीने आग्रह धरला, म्हणून त्याने माळ्यावर सिग्नल वाढवणारा एक बूस्टर बसवला. बूस्टर लावल्यावर टीव्हीचं चित्र सुरेख आलं आणि मोडेम पार बंद पडला. ऑनलाइनचा दिवा काही लागेना. अर्ध्या तासाने बूस्टर काढला तेव्हा मोडेम पुन्हा पहिल्यासारखा, अडखळत का होईना, चालू झाला. यावरून निष्कर्ष निघाला की मोडेमच बिघडलाय. तिसऱ्या फेरीत मोडेम बदलून मिळाला. नव्या मोडेमनेही त्याच संध्याकाळी ताईचा वर्ग तोडला.

त्या लाइनमनला मी दोष देत नाही. त्याने मोजलेला आकडा खरा होता. फक्त त्याचं मीटर घरात येणाऱ्या सिग्नलचं होतं.

आणि बूस्टरची ती घटना! नंतर पाहिलं तर त्यावर स्पष्ट छापलेलं होतं: ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ. टीव्हीच्या वाहिन्या या पट्ट्यात येतात. मोडेम मात्र आपला सिग्नल उलट दिशेने, फार खालच्या वारंवारतेवर पाठवतो; आपल्याकडच्या अनेक केबल नेटवर्कमध्ये ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. परतीचा मार्ग नसलेला बूस्टर म्हणजे एकतर्फी दरवाजा. आतला बाहेर पडूच शकत नाही. मोडेम पार मेला तो त्यामुळे. ही घटना कुणी नीट वाचली असती तर निदान तिथेच झालं असतं.

पहिला रविवार

लोकल तेव्हा सर्वसामान्यांना बंद होती. ऐरोलीहून बाइकवर निघालो तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी, म्हणून मागे वळून ऐरोली पूल, मुलुंड आणि मग हायवेने कोपरी. पोचेपर्यंत अकरा वाजले. मावशी म्हणाली, "आधी पोहे खा, मग ते डबडं बघ."

मी पहिलं काम केलं ते लॅपटॉपवर १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडायचं. जवळपास प्रत्येक केबल मोडेमचं स्वतःचं माहिती-पान या पत्त्यावर असतं. इंटरनेट बंद असतानाही ते उघडतं, कारण ते मोडेमच्या आतच असतं. ज्यांच्या घरी असा मोडेम आहे त्यांनी हे पान एकदा, सगळं सुरळीत असताना, उघडून त्याचा फोटो काढून ठेवावा. बिघाडाच्या दिवशी तुलना करायला दुसरं काहीच हाती नसतं.

पानावर मला दिसलं ते असं. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरात येणाऱ्या सिग्नलची, उणे ८ ते उणे ९. सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे सिग्नल खरखरीच्या किती वर आहे ते, ३५ डीबी (डेसिबल). अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरातून जाणाऱ्याची, दोन वाहिन्या, दोन्ही ५४. पानाच्या खाली मोडेमच्या नोंदवहीत रांगेने टी-३ टाइमआउट.

आता 'बावन्न' आणि 'उणे आठ' या दोन आकड्यांनी मावशीच्या घरी बराच गोंधळ घातला होता. ताई लाइनमनला म्हणत होती की पानावर उणे दिसतंय, आणि तो म्हणत होता की माझ्याकडे बावन्न आहे, उणे कसं असेल. दोघंही एकच गोष्ट बोलत होते. आपल्याकडच्या केबलवाल्यांची मीटरं डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, मोडेमचं पान डीबी-मिलिव्होल्टमध्ये. एक मिलिव्होल्ट म्हणजे हजार मायक्रोव्होल्ट, आणि डीबीच्या हिशेबात तो फरक बरोबर साठचा होतो. मीटरवरच्या आकड्यातून साठ वजा करा, मोडेमचा आकडा मिळतो. ५२ वजा ६०, उणे ८.

उणे ८ वाईट आहे का? फारसा नाही. केबल इंटरनेटच्या डॉक्सिस या मानकानुसार मोडेमने उणे १५ पासून अधिक १५ पर्यंतचा सिग्नल स्वीकारायला हवा. व्यवहारात तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे सात-आठच्या आत असलेला बरा. उणे ८ म्हणजे कुंपणावर बसलेला, पण ३५ डीबी गुणोत्तर असताना चालणारा. म्हणूनच स्पीड टेस्ट केली की डाउनलोड जवळपास पूर्ण यायचा, आणि प्रत्येक जण म्हणायचा, नेट तर चांगलं आहे.

खरा आकडा होता ५४. अपस्ट्रीम पॉवर म्हणजे मोडेम किती जोराने ओरडतोय ते. पलीकडे केबल कंपनीच्या केंद्रात सीएमटीएस नावाचं यंत्र असतं. त्याला प्रत्येक घरातून येणारा सिग्नल साधारण एकाच पातळीवर हवा असतो. तुमच्या वाटेत नुकसान जास्त असेल तर ते तुमच्या मोडेमला सांगतं, जरा मोठ्याने बोल. मोडेम पॉवर वाढवतो. ३५ ते ४८च्या दरम्यान सगळं निवांत असतं, पन्नासच्या पुढे काळजी. आणि या ओरडण्याला मर्यादा आहे: डॉक्सिस ३.० मध्ये ६४ क्यूएएम या सिग्नल पाठवण्याच्या पद्धतीवर दोन अपस्ट्रीम वाहिन्या एकत्र चालत असतील तर प्रत्येकी ५४, एकच वाहिनी असेल तर ५७. ताईचा मोडेम छताला डोकं टेकवून उभा होता. त्याहून मोठ्याने त्याला बोलता येत नव्हतं.

टी-३ टाइमआउटचा अर्थ इतकाच, की मोडेमने केंद्राला 'मी इथे आहे' म्हटलं आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. क्वचित एखादा आला तर सोडून द्यावा. इथे संध्याकाळी तासाला वीस-पंचवीस होते.

संध्याकाळीच का, हेही त्यात बसतं. परतीच्या मार्गावर सगळ्या परिसरातल्या घरांचा खरखराट गोळा होऊन केंद्राकडे जातो: सैल कनेक्टर, उघडी तोंडं, मोटारी, स्वस्तातले चार्जर. संध्याकाळी सगळं चालू असतं. ज्या मोडेमचा आवाज हव्या त्या पातळीवर पोचतो तो या गोंगाटातही ऐकू येतो. जो आधीच दोन डीबी खाली आहे तो सगळ्यात आधी बुडतो.

माळा

स्टुलावर चढून माळा उघडला. पितळी पातेली, जुन्या वह्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, आणि त्यामागे वायरींचं जाळं. पंधरा-सोळा वर्षांत या घरात जे जे झालं त्याचा एकेक थर तिथे होता. आधी दिवाणखान्यात एकच टीव्ही. मग आतल्या खोलीत दुसरा, त्यासाठी एक टू-वे स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचा सिग्नल दोन वायरींत वाटणारी डबी. मग ताईच्या खोलीत टीव्ही आणि स्वयंपाकघरात छोटा टीव्ही, म्हणून फोर-वे. २०१२-१३च्या सुमारास डिजिटल केबलची सक्ती झाली आणि सेट-टॉप बॉक्स आले, तेव्हा चार टीव्हींचे दोन झाले. पण फोर-वे तिथेच राहिला, दोन तोंडं उघडी. आणि शेवटी मोडेम आला तेव्हा लाइनमनला जी वायर ताईच्या खोलीत जाताना दिसली तिच्यावरच आणखी एक टू-वे टाकून त्याने मोडेम जोडला.

म्हणजे मोडेम तीन स्प्लिटरच्या शेपटाला होता: टू-वे, मग फोर-वे, मग पुन्हा टू-वे. त्यानंतर बारा-एक मीटरची जुनी बारीक वायर, आरजी-५९.

इथे जरा थांबून स्प्लिटर नेमकं काय करतो ते सांगायला हवं, कारण याविषयी घरोघरी चुकीची समजूत आहे. स्प्लिटर म्हणजे पाण्याच्या पाइपाचा टी नव्हे. आत फेराइटचा बोटाच्या नखाएवढा गाभा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आणि एक छोटा रोध (रेझिस्टर) असतो. दोन तोंडांत वाटणी झाली की प्रत्येकाकडे निम्मी शक्ती जाते. निम्मी शक्ती म्हणजे डीबीच्या भाषेत ३. डबीत थोडी आणखी मरते, म्हणून चांगल्या टू-वेचं नुकसान साधारण साडेतीन. फोर-वेच्या आत टू-वेचेच दोन टप्पे असतात, म्हणून त्याचं सात. आठ तोंडांचा असेल तर साडेदहा-अकरा. तीन तोंडांच्यात अनेकदा एका तोंडाला साडेतीन आणि उरलेल्या दोघांना सात असं असतं. ते डबीवर लिहिलेलं असतं आणि मोडेम नेहमी त्या साडेतीनच्या तोंडाला लावावा.

एकामागे एक लावले की हे आकडे बेरजेने वाढतात. साडेतीन, सात, साडेतीन. चौदा डीबी. शक्तीच्या हिशेबात मूळ सिग्नलचा पंचविसावा भाग शिल्लक.

ताईने इथे एक फार चांगला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "येताना चार वाटा होतात म्हणून कमी होतो, हे पटलं. पण मोडेमकडून जाताना तर एकच वाट आहे, वरची. मग जाताना कशाला कमी व्हायला हवा?"

उत्तर त्या छोट्या रोधात आहे. स्प्लिटरच्या दोन तोंडांनी एकमेकांना त्रास देऊ नये, दिवाणखान्यातल्या बॉक्सची खरखर मोडेमच्या तोंडातून बाहेर येऊ नये, यासाठी तोंडं एकमेकांपासून अलग ठेवावी लागतात. त्या अलगीकरणाची किंमत अशी, की एका तोंडातून वर निघालेल्या सिग्नलची निम्मी शक्ती आत त्या रोधात उष्णता होऊन जाते आणि निम्मीच वरच्या वायरीत पोचते. म्हणून स्प्लिटर येताना जितकं घेतो तितकंच जाताना घेतो. साडेतीन तर साडेतीन, सात तर सात.

गणिताची शिक्षिका ती. लगेच म्हणाली, "मग येताना चौदा, जाताना चौदा."

इथेच माझी चूक झाली. मला फोर-वेची दोन उघडी तोंडं दिसली आणि मी ठरवून टाकलं की दोष तिथे आहे. बॅगेत ७५ ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रिकामं तोंड बंद करणारी टोपणं होती, ती दोन्ही तोंडांना बसवली. उघड्या तोंडावरून सिग्नल परत फिरतो आणि तिथून बाहेरची खरखरही आत शिरते, त्यामुळे टर्मिनेटर लावणं योग्यच होतं. पण पान पुन्हा उघडलं तर अपस्ट्रीम ५४ च्या ५४. संध्याकाळी ताईचा वर्ग पुन्हा तुटला, तो मी तिथे बसून पाहिला. दहावीची मुलगी प्रमेयाचा पुढचा टप्पा विचारत होती आणि ताईचं उत्तर तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या दिवशी मी उपाय न करताच परत आलो.

दुसरा रविवार

मधल्या आठवड्यात मी हिशेब कागदावर मांडला. येणाऱ्या सिग्नलचा हिशेब जुळत होता: जिन्यातल्या टॅपवर, म्हणजे इमारतीच्या वायरीतून घराची वायर निघते त्या डबीवर, लाइनमनने ७२ मोजले होते, तिथून माळ्यापर्यंतच्या वीसेक मीटर आरजी-६ या जाड वायरीत तीन-साडेतीन जातात, म्हणजे माळ्यावर सुमारे ६९, त्यातून स्प्लिटरचे चौदा आणि शेवटच्या जुन्या वायरीचे अडीच-तीन गेले की ५२. बरोबर.

पण जाणाऱ्याचा जुळेना. खालच्या वारंवारतेला वायरीत जवळजवळ काहीच मरत नाही. एवढ्या अंतराला दोन्ही वायरी मिळून फार तर दीड डीबी. चौदा अधिक दीड, साडेपंधरा. एवढ्या नुकसानीला मोडेम पन्नासच्या आसपास हवा होता. चोपन्नला, तेही धापा टाकत, का?

म्हणून दुसऱ्या रविवारी एकेक स्प्लिटर वगळून बघायचं ठरवलं. त्यासाठी लागतो फक्त दोन्ही बाजूंनी केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर बसणारा एक जॉइंटर. स्प्लिटर काढायचा, त्याच्या जागी वायरीला वायर जोडायची, मोडेम बंद-चालू करायचा, पाच मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. टीव्ही तेवढा वेळ बंद. मावशीची मालिका दुपारी नसते, त्यामुळे परवानगी मिळाली.

शेवटचा टू-वे वगळला: ५२.५.
तो परत लावून फोर-वे वगळला: ४९.
तो परत लावून पहिला, सगळ्यात जुना टू-वे वगळला: ४६.५.

तिसरा आकडा मी दोनदा तपासला. दोन तोंडांच्या डबीने चार तोंडांच्या डबीपेक्षा जास्त खाल्लं होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती. फोर-वे काढला तर सात कमी व्हायला हवेत, झाले पाच. शेवटचा टू-वे काढला तर साडेतीनऐवजी दीड. दोन्हीकडे बरोबर दोनचा फरक. याचा अर्थ मोडेमला हवे होते ५६, आणि त्याला मिळत होती ५४ची परवानगी. तेवढे दोन डीबी पानावर दिसतच नव्हते. मग ताईने मोबाइलवर काढून ठेवलेले पानाचे जुने फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत, वर्ग तुटून नेट परत आल्यानंतरच्या, अपस्ट्रीमची एकच वाहिनी चालू होती आणि तिच्यापुढे आकडा होता ५६. मोडेम दोन वाहिन्यांवर हरला की एकीवर उतरत होता, कारण तिथे मर्यादा ५७ची आहे, आणि तिथे कसाबसा जगत होता. 'कुणी काही न करता आपोआप परत येतं' ते हे. तो फोटो मी पहिल्या रविवारीही पाहिला होता.

५६ मधून ४६.५ गेले, साडेनऊ. साडेतीन घ्यायचे त्या डबीने जाणाऱ्या सिग्नलचे साडेनऊ घेतले. येणाऱ्याचे मात्र ती अजूनही साडेतीन-चारच घेत होती.

डबी खाली आणून पुसली. रंग उडालेला, एका तोंडाच्या आट्यांवर गंज. पण अक्षरं वाचता येत होती: ४० ते ८६२ मेगाहर्ट्झ. ही डबी टीव्हीसाठी बनलेली. ती बसवली तेव्हा घरात केबलवरून फक्त चित्र येत होतं, घरातून बाहेर काहीच जात नव्हतं. चाळीसच्या खाली काय होतं याची बनवणाऱ्याला गरज नव्हती. खालच्या वारंवारतेला चांगलं काम करायचं तर गाभा आणि वेढे त्या बेताचे लागतात, आणि ते त्यात नव्हते. ताईच्या मोडेमच्या दोन्ही अपस्ट्रीम वाहिन्या होत्या २५ ते ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. टीव्ही झकास, डाउनलोड झकास, लाइनमनच्या मीटरवर बावन्न, आणि शिक्षिकेचा आवाज त्या डबीत अडकलेला.

मग सगळी मांडणीच बदलली. इमारतीकडून येणारी वायर आता एका नव्या टू-वेमध्ये येते, ज्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलंय. अशी डबी तेव्हा शंभर रुपयांच्या आत मिळायची. घेताना तो '५' बघून घ्यावा. डिशच्या दुकानात ९५० ते २४०० मेगाहर्ट्झवाल्या डब्याही मिळतात आणि दिसायला सारख्याच असतात. त्या डिशसाठी, केबलला उपयोगाच्या नाहीत. नव्या टू-वेचं एक तोंड थेट मोडेमला, मध्ये काहीही नाही, आणि ती जुनी बारीक वायर काढून बारा मीटर नवी आरजी-६. दुसऱ्या तोंडाला आणखी एक टू-वे, त्यावर दोन टीव्ही. फोर-वे निघाला. टीव्हीला साठच्या आसपास मिळतात, सेट-टॉप बॉक्सला तेवढे भरपूर.

मोडेमचं पान: डाउनस्ट्रीम अधिक साडेतीन, अपस्ट्रीम ३९.५.

मोडेम माळ्यावर नेऊन एकही स्प्लिटर न ठेवताही पाहिलं होतं: डाउनस्ट्रीम अधिक ९, अपस्ट्रीम ३५.५. मग सगळेच स्प्लिटर काढून टाकावेत का, असं मावशीने विचारलं. नको. टीव्ही तर हवाच. आणि टॅप घराच्या अगदी जवळ असेल तर थेट जोडल्यावर सिग्नल अधिक १५ च्याही वर जाऊ शकतो. तेही मोडेमला सोसत नाही, तेव्हा मुद्दाम कमी करावा लागतो. स्प्लिटर किती आणि कुठे, एवढंच बघायचं.

पावसाने काढलेला दुसरा दोष

नऊ दिवस एकही टाइमआउट नाही. दहाव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी ताईचा संदेश आला: ४५. वर्ग चालू होता, पण आकडा साडेपाचने वर.

तीच वायर, तोच स्प्लिटर, म्हणजे दोष घराबाहेर. तिथे मी हात लावला नाही. टॅप केबलवाल्याचा, त्याच्याच माणसाने उघडायचा. लाइनमनला बोलावलं, या वेळी आकड्यांसकट. तो लगेच आला आणि सरळ जिन्याच्या खिडकीपाशी गेला. टॅपवरच्या आमच्या कनेक्टरमध्ये पाणी होतं, आतली जाळी हिरवी पडलेली. खाडीच्या बाजूची ही वस्ती. खारी हवा आणि पाऊस मिळून कनेक्टर दोन-तीन वर्षांत खातात. वायर खिडकीतून सरळ खाली टॅपमध्ये उतरत होती, त्यामुळे पाणी तिच्यावरून वाहत थेट कनेक्टरमध्ये. त्याने वीतभर वायर कापून टाकली, कारण पाणी जाळीतून बरंच आत शिरलेलं असतं, नवा कनेक्टर दाबून बसवला, वर रबरी टेप गुंडाळला आणि वायरीला टॅपच्या आधी खाली एक झोळ दिला, पाणी तिथूनच टपकावं म्हणून.

आमचा जुना टू-वे त्याला दाखवला. त्याने उलटून बघितला आणि म्हणाला, "दादा, असे या बिल्डिंगमध्ये अजून चार घरी असतील. मीच लावलेत." मग त्याने ती घरं आठवून आठवून वहीत लिहून घेतली. मला त्याचं फार बरं वाटलं.

आता अनेक इमारतींत फायबर थेट घरात येतं आणि ही तांब्याची वायर नाहीशी होते आहे. पण वाटणी तिथेही आहेच. फायबरचा स्प्लिटर काचेचा असतो, त्याला वीज लागत नाही, आणि त्याचा हिशेब हाच: दोघांत वाटलं की साडेतीनच्या आसपास, आठांत साडेदहा, बत्तीसांत सतरा-एक. फरक इतकाच, की तो बहुधा जिन्यात किंवा रस्त्यावरच्या पेटीत असतो, आपल्या माळ्यावर नसतो, आणि फायबरचा मोडेम आपला आकडा डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत दाखवतो. जीपॉन या फायबरच्या सर्वसाधारण जोडणीत उणे २७ च्या खाली गेला की तक्रार करायची वेळ आली.

ताईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी अपस्ट्रीमचा आकडा लिहायला सुरुवात केली, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्यात धो धो पाऊस लागला. संध्याकाळी सहा वाजता मी न राहवून फोन केला. मावशीने उचलला आणि हळू आवाजात म्हणाली, "वर्ग चालू आहे तिचा. सकाळी बघितलं, एकोणचाळीसच आहे."